हेल्मेटांची खंडेनवमी

लाकडाच्या धंद्यात झाड सालीसकट मोजायचं की साल सोडून, यावरून जेवढी भांडणं झाली आहेत तेवढी जमिनीच्या बांधावरूनही झाली नसतील. विकणारा साल धरून मोजतो, घेणारा सोडून. माझ्या बोलण्यालाही साल आहे, हे बायकोनं लग्नानंतर हळद उतरायच्या आत ओळखलं होतं. तेव्हा पुढचं सगळं तुम्ही घेणाऱ्याच्या बाजूनं मोजा, माझी हरकत नाही. आतलं लाकूड भरीव आहे एवढं सांगतो.

आम्ही मूळचे बेळगावकडचे, पण बेंगळुरूजवळच्या येलहंक्यात राहून इतकी वर्षं झाली की आमच्या घरात आमटीसुद्धा कानडी थाटात ‘स्वल्प’च वाढतात. मी उभी झाडं विकत घेतो आणि आडवी करून विकतो. धंदा एवढाच. त्यातही मुख्य झाड सिल्व्हर ओक. सरळ, उंच, वाऱ्यात पानं उलटी झाली की चांदीचा वर्ख लावल्यासारखं. आमच्या भागातली ही झाडं इतकी उंच वाढतात की हवाई दलाच्या तळावरून उडालेली विमानं त्यांना वळसा घालून जातात, असं मी गिऱ्हाइकांना सांगतो. अजून एकानंही जाऊन बघितलेलं नाही.

यातली सगळ्यात देखणी झाडं होती एका काकूंची. येलहंक्याच्या पुढे, दोड्डबळ्ळापूरच्या रस्त्याला त्यांचा मळा. काकू साताऱ्याच्या. इथल्या सरकारी कारखान्यात विमानाचे सुटे भाग तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. केसाएवढी चीर दिसली तरी लाल खडूनं फुली मारून भाग परत पाठवायचा, हे त्यांचं काम. लोक म्हणायचे, बाईंच्या टेबलापेक्षा देवाच्या दारातून पास होणं सोपं. त्यांचे यजमान येलहंक्याच्या फ्लॅटमध्ये बसून क्रिकेट बघतात. त्यांचा झाडांशी संबंध सावलीपुरता. झाडं लावली काकूंनी, पाणी घातलं काकूंनी, वाळवीशी लढल्या काकू.

आता झाडं पिकली होती. सिल्व्हर ओक फार म्हातारा होऊ दिला तर आतून पोकळ होतो, आणि एखाद्या वादळी दुपारी शेजाऱ्याच्या गोठ्यावर आडवा होतो. तोडून नवी लावायची वेळ झाली होती. पहिलं गिऱ्हाईक आलं ते खोकीवाल्याचं. आमच्या पूर्वेला टोमॅटोचा मुलूख, आणि टोमॅटोला खोकी लागतात. खोकीवाला झाड मोजत नाही, वजन करतो. सरळ-वाकडं, जाड-बारीक, सगळं लॉरीत कोंबायचं, काट्यावर चढवायचं आणि टनावर भाव. त्या फळ्या ठोकून खोकी होतात, मंडईत एकदा जाऊन येतात आणि मग हमाल त्यांवर हात शेकतात.

काकूंनी त्याला चहा दिला, बिस्किटं दिली आणि सांगितलं, “नाही.”

मला म्हणाल्या, “मी या झाडांना नावं ठेवली नाहीत, राख्या बांधल्या नाहीत. मला झाडं तोडायचं दुःख नाही. पण इतकं सरळ वाढलेलं लाकूड टोमॅटोच्या खोक्यात जाणार? माणसानं विमानाचा भाग बनवावा आणि कुणी त्याचं उलथणं करावं, तसं आहे हे. तू काहीतरी बघ.”

बघितलं. व्हाइटफील्डकडे एक फर्निचरचा कारखाना आहे, ऑफिसांची टेबलं बनवणारा. तिथे लाकूड घनफुटावर घेतात, घेर मोजून, लांबी मोजून. खोकीवाल्याच्या भावाशी त्याची तुलना म्हणजे वडापावची ताटभर बासुंदीशी. पण कारखान्याची एक अट: लाकडाला दाखला हवा. त्यांची परदेशी गिऱ्हाइकं विचारतात, हे टेबल कुठल्या रानातून आलं? झाड तोडताना ओढ्याची, पक्ष्यांची काळजी घेतली का? तोडणाऱ्या माणसांचे हातपाय जागेवर आहेत का? याची तपासणी करायला एक बाहेरची संस्था ऑडिटर पाठवते. पास झालं तर सगळ्या मळ्याला दाखला, नाही तर पुढच्या हंगामापर्यंत थांबा. आणि कारखान्याची ऑर्डर काही हंगामभर दारात चपला काढून बसत नाही. म्हणजे एका दिवसावर सगळं होतं. दाखला मिळाला तर टेबलं, नाही मिळाला तर टोमॅटो.

झाडं तोडणार आमचा मेस्त्री आणि त्याची टोळी. मेस्त्री खानापूरकडचा, मराठी-कन्नडची भेळ बोलतो, आणि थापा मारण्यात हा एकच माणूस माझ्या तोडीचा आहे, हे मी जड अंतःकरणानं मान्य करतो. मी त्याला अण्णा म्हणतो, तो मला सावकार. एकदा मी त्याला सांगितलं की माझ्या आजोबांनी पाडलेला साग इतका लांब होता की बुंधा आज पडला आणि शेंडा दुसऱ्या दिवशी सकाळी. तो म्हणाला, “हो सावकार, शेंडा पडला तेव्हा मी खाली उभा होतो. म्हणून तर केस गेले.”

या माणसाला हेल्मेट घाला म्हणून सांगायचं होतं. मी दुकानातून झाडतोड्यांसाठीची खास हेल्मेटं आणली. पिवळीधम्मक, समोर जाळी, कानावर टोप्या, पायासाठी करवतीनं न फाटणाऱ्या पँटा, लोखंडी नाकाचे बूट. टोळीनं तो ढीग बघितला. अण्णानं हेल्मेट दोन्ही हातांनी उचललं, कपाळाला लावलं आणि म्हणाला, “केवढं सुंदर आहे!” मला वाटलं, जिंकलो. पोरांनी प्रशिक्षण घेतलं, झाड पडताना पळायची वाट आधी साफ करून ठेवायला शिकले, पडणाऱ्या झाडाच्या दुप्पट उंचीएवढं लांब बाकीच्यांनी उभं राहायचं हे शिकले. सगळं शिस्तीत. मी निर्धास्त होऊन दसऱ्याला बेळगावला गेलो.

इथेच घात झाला. बेंगळुरूत दसरा म्हणजे आयुधपूजा, आपली खंडेनवमी. त्या दिवशी या शहरात पूजेवाचून राहिलेलं एकही यंत्र सापडणार नाही. बसला केळीचे खुंट, रिक्षाला झेंडूच्या माळा, आयटी कंपनीत लॅपटॉपवर कुंकू. रस्त्यारस्त्यावर फोडलेले कोहळे, त्यांवरून घसरणारे स्कूटरवाले. आमच्या गल्लीतल्या एकानं लिफ्टची पूजा केली आणि नैवेद्य दाखवताना दार बंद होऊन लाडू चौथ्या मजल्यावर गेले. अशा गावात अण्णाची टोळी नवीकोरी हेल्मेटं नुसती ठेवणार होती का?

ऑडिटरची तारीख नेमकी दसऱ्यानंतर लगेच पडली. मी ऑडिटरला घ्यायला हेब्बाळला गेलो. पुण्याची मुलगी, पंचविशीच्या आगेमागे, पाठीवर सॅक, हातात टॅब. मराठी म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, आता काम सोपं. थोडं पुणं, थोडी मिसळ, थोडं हवापाणी. जीपमध्ये बसल्या बसल्या म्हणाली, “काका, सीटबेल्ट.”

काका! माझे केस अजून मूळ रंगाचे आहेत. निदान मूळ रंगाच्या जवळपास तरी.

मी गोष्टी सुरू केल्या. आमच्या भागात एवढी सुरक्षितता आहे की मुंगीला ठेच लागली तरी आम्ही प्रथमोपचाराची पेटी काढतो. ती म्हणाली, “ग्रेट. पेटीतल्या औषधांची एक्स्पायरी शेवटची कधी चेक केली?” मी म्हटलं, ओढ्याजवळची झाडं आम्ही सोडलीत, कारण तिथले किंगफिशर मला ओळखतात. ती म्हणाली, “सो स्वीट. ओढ्यापासून किती अंतर सोडलंय? मॅप आहे ना?” येलहंका येईपर्यंत माझ्याकडच्या ठेवणीतल्या गोष्टी संपल्या. असं आयुष्यात पहिल्यांदा घडलं.

मळ्यात काकू तयारच होत्या. पायात बूट, डोक्याला स्कार्फ, गळ्यात चष्म्याची दोरी. दोघींनी एकमेकींना नमस्कार केला तो दोन पैलवान हात मिळवतात तसा. मग ऑडिटर काकूंबरोबर ओढ्याकडे निघाली, घरटी आणि सोडलेला पट्टा बघायला. मी म्हटलं, तेवढ्यात टोळीकडे नजर टाकावी.

टोळी झाडाखाली ओळीत उभी होती. पँटा चढवलेल्या, बूट बांधलेले, करवती पुसलेल्या. माझी छाती फुगली. आणि मग मला हेल्मेटं दिसली.

प्रत्येक हेल्मेटच्या कपाळावर झेंडूची माळ. वाळलेली. माळ बांधायला समोरून दोन भोकं. ड्रिलनं पाडलेली, गोल, सुबक, जणू दागिना अडकवायला मुलीचे कान टोचावेत तशी. मागे आणखी एक भोक, त्यात लिंबू-मिरची.

“अण्णा,” मी म्हटलं, “हे काय?”

“पूजा केली, सावकार.”

“भोकं?”

“मग माळ कशाला बांधणार? पहिल्यांदा चिकटपट्टीनं लावली. पडली. अपशकुन ना तो!” त्याच्या चेहऱ्यावर समाधान ओसंडत होतं. “ड्रिल भाड्यानं आणलं. एकालाही तडा गेला नाही बघा. हात हाय माझा.”

हेल्मेटला भोक पाडलं की ते हेल्मेट राहत नाही, टोपी होते. फांदी पडली तर मार पेलायचं कवच तिथूनच फुटतं. हे प्रशिक्षणात सांगितलं होतं. पण प्रशिक्षण देणाऱ्यानं सांगितलं होतं, ‘हेल्मेटशी छेडछाड करू नये’, आणि पूजा ही छेडछाड आहे असं या कर्नाटकात कुणाच्या स्वप्नातही येणार नाही.

ओढ्याकडून दोघींचे आवाज येत होते. डोक्यात एकच शब्द फिरत होता: टोमॅटो, टोमॅटो, टोमॅटो.

आता माझ्या जीपमध्ये लाकडातल्या भेगा बुजवायची लांबी, म्हणजे पुट्टी, कायम असते. का असते ते विचारू नका. लाकडाच्या व्यापाऱ्याच्या जीपमध्ये ती असते एवढं पुरे. पण लांबी पांढरी आणि हेल्मेट पिवळं. तेव्हा माझ्या बुद्धीला जे सुचलं त्याबद्दल मला आजही कुणी बक्षीस दिलेलं नाही. पूजेची हळद! टोळीच्या डब्यात भरपूर होती. माळा आणि लिंबू-मिरच्या उतरवल्या, लांबीत हळद मळली, अंगठ्यानं भोकात दाबली, वरून जरा खोबरेल तेल फिरवलं. रंग असा जुळला की खुद्द कारखानदार आपलं हेल्मेट म्हणून मिठी मारेल. समोरच्या जागेवर वरून कुंकवाचं बोट. अण्णा बघत राहिला. म्हणाला, “सावकार, तुम्ही लाकडात का गेलात? तुम्ही दंतवैद्य व्हायला हवं होतं.”

दोघी परत आल्या. ऑडिटर खूश होती. ओढ्याचा पट्टा बरोबर, घरटी जागेवर. तिनं पेटी तपासली, पँटा ओढून बघितल्या, पळायच्या वाटा चालून बघितल्या. मग एक हेल्मेट उचललं. आत छापलेली तारीख बघितली, पट्टा ओढला, जाळी वरखाली केली. कुंकवाकडे बघून हसली. “क्यूट,” म्हणाली, आणि टॅबवर काहीतरी टिचकी मारली. माझ्या मनात पहिलं टेबल व्हाइटफील्डला पोचलंसुद्धा.

तेवढ्यात काकूंनी दुसरं हेल्मेट उचललं.

त्यांना कुणी उचला म्हटलं नव्हतं. पण सवय हो! समोर वस्तू आणि हात रिकामा, म्हटल्यावर त्या बाईचा हात जाणारच. त्यांनी हेल्मेट कानाजवळ धरलं आणि बोटाच्या पेरानं ठोकलं. एकदा बाजूला, एकदा वर, एकदा समोर. समोर ठोकलं आणि थांबल्या.

“हे काय आहे रे?”

“कुंकू, काकू.”

“कुंकवाखाली?”

“हळद.”

“आणि हळदीखाली?”

मी झाडाच्या शेंड्याकडे बघायला लागलो. खरंच फार उंच झाडं.

काकूंनी आतून अंगठा फिरवला, बाहेरून नख लावलं, आणि माझी दंतवैद्यकी एका झटक्यात बाहेर काढली. गोळी जमिनीवर पडली. भोकातून त्या माझ्याकडे बघत होत्या.

“भोक आहे,” त्या म्हणाल्या, आणि हेल्मेट ऑडिटरपुढे धरलं. “इथं दोन, मागे एक. सगळ्यांना असणार. बघून घे.”

ऑडिटरनं बघितलं. मग हेल्मेटकडे नाही, काकूंकडे बघितलं. “काकू, एक मिनिट. या प्लॉटच्या ओनर तुम्हीच ना? हे तुम्ही मला दाखवताय?”

“मग कुणाला दाखवू? याला?” बोट माझ्याकडे. “यानंच भरलंय.”

“काकू,” मी पुढे होऊन हळूच म्हटलं, “अहो, टोमॅटो!”

“कळतंय मला,” काकू म्हणाल्या. हेल्मेट त्यांच्या हातातच होतं. त्यांनी झाडांच्या ओळीकडे एकदा बघितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, घाई न करता. “जातील खोक्यात. जाऊ देत. पण याच्या टाळक्यावर पाय देऊन टेबलं व्हायला नकोत.”

‘याच्या’ म्हणजे अण्णाच्या. अण्णाला पहिल्यांदा वाटलं की आपल्या हातकामाला नावं ठेवताहेत. तो फुरंगटून म्हणाला, “अम्मा, माझ्या डोक्यावर अजून एक काटकी पडली नाही.”

“पडली असती तर तू हे बोलायला राहिला असतास का, गाढवा? खडू दे.”

ओंडक्यांवर खूण करायचा लाल खडू अण्णाच्या खिशात असतो. काकूंनी तो घेतला आणि एकेका हेल्मेटवर फुली मारत गेल्या. कुंकवावरून, हळदीवरून. त्यांचा हात असा झरझर चालला होता की निवृत्त होऊन आठवडाही झाला नसावा. फुल्या मारून झाल्यावर खडू अण्णाच्या हातात ठेवला आणि त्या ओंडक्यावर बसल्या. मी खाली मान घातली. म्हटलं, आता ही ऑडिटर टॅब मिटणार आणि मी खोकीवाल्याला फोन लावणार.

तिनं टॅब मिटला नाही. म्हणाली, “हे मेजर आहे, मोठी त्रुटी. काम इथंच थांबवा. एकही करवत चालू करायची नाही.” मग घड्याळ बघितलं. “पण चूक ओनरनं स्वतः शोधली, स्वतः रिजेक्ट केली. हे मी लिहिणार. मला संध्याकाळची फ्लाइट आहे. त्याआधी नवी हेल्मेटं डोक्यावर दिसली, आणि ती घालून नियमानं एक झाड पाडलेलं मी डोळ्यांनी बघितलं, तर इथंच क्लोज करून जाईन. नाहीतर पुढचा हंगाम.” आणि माझ्याकडे वळून, “काका, तुमच्याबद्दलही लिहिणार आहे. खरेदीदाराला प्रशिक्षणाची तातडीची गरज.”

मी जीपला अशी टाच मारली की तिच्यातला घोडा जागा झाला. येलहंक्याच्या दुकानात नुसती स्कूटरची हेल्मेटं. दुसऱ्यात बिल्डिंगची, जाळी नसलेली. म्हणजे परत हेब्बाळ! हेब्बाळच्या पुलाबद्दल मी काय सांगू? माझ्या पुढच्या गाडीत एक जण साखरपुड्याला निघाला होता. पुलावरून उतरेपर्यंत मुलीकडच्यांचं मन बदललं. मी जीप एका हॉटेलच्या दारात टाकली, दुकानापर्यंत चालत गेलो, हेल्मेटं दोरीत ओवून खांद्यावर टाकली आणि कांद्याची माळ घेतलेल्या बाजारकऱ्यासारखा परत आलो. मळ्याकडे परतताना मागच्या गावरस्त्यांनी आलो. दोन तळी आणि एक लग्नाचा मांडव ओलांडला. मांडवात पानसुपारीसुद्धा घेतली, नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

मळ्यात पोचलो तर ऑडिटर सॅक पाठीला लावून उभी. मी हेल्मेटं जमिनीवर ओतली. “घाला रे पटापट!”

कुणी हलेना. पोरं अण्णाकडे बघताहेत आणि अण्णा आकाशाकडे.

“काय झालं?”

“पूजा नाही झाली, सावकार.”

“अरे अण्णा, आत्ताच तर खंडेनवमी झाली!”

“ती त्यांची झाली.” त्यानं फुल्यांच्या ढिगाकडे बोट दाखवलं. “यांची नाही. नवं हत्यार माळेवाचून अंगावर नाही घ्यायचं. माझा बाप नाही घ्यायचा, त्याचा बाप नाही घ्यायचा.”

“त्याच्या बापाकडे हेल्मेट होतं का?”

“म्हणून तर नाही घ्यायचा.”

आता या वाक्याशी भांडणार कोण? ऑडिटरनं माझ्याकडे बघितलं, मी काकूंकडे. काकू कधीच उठून घराकडे गेल्या होत्या. परत आल्या त्या ताम्हन, निरांजन आणि टोपलीभर ताजा झेंडू घेऊन. मळ्याच्या कुंपणालाच लावलेला असतो. ओंडक्यावर बसून त्यांनी माळा ओवल्या, मीही ओवल्या. ऑडिटरनंही एक ओवली, वाकडी. मग काकूंनी हेल्मेटं ओळीनं मांडली, प्रत्येकावर कुंकवाचं बोट लावलं, ओवाळलं.

“आणि माळ?” अण्णानं विचारलं. नजर चुकून ड्रिलच्या पिशवीकडे गेली.

“माळ तुला,” काकू म्हणाल्या. “हत्यार चालवणारा हात कुणाचा? तुझा. डोकं कुणाचं? तुझं. ते वाचवायचं आहे ना? मग पूजा त्याची. वाक.”

अण्णा वाकला. काकूंनी त्याच्या गळ्यात माळ घातली, कपाळावर कुंकू लावलं, आणि तो गडी, ज्याच्या केसांवर साग पडला होता, तो असा लाजला की पोरं फिदीफिदी हसायला लागली. मग एकेकाच्या गळ्यात माळ पडली. सगळ्यांनी हेल्मेटं चढवली. अण्णानं करवतीला हात घातला.

“स्टॉप!” ऑडिटर किंचाळली. “गळ्यात हार घालून चेनसॉ? नो, नो, नो! लूज काहीही अंगावर चालणार नाही!”

मी कपाळावर हात मारला. पण अण्णाचा चेहरा पडला नाही. पूजा झालीच होती, आता माळ उतरवायला हरकत नव्हती. फक्त उतरवलेली माळ जमिनीवर ठेवायची नाही, पाहुण्याच्या गळ्यात घालायची, ही त्यांची रीत. आणि त्या रानात पाहुणी एकच होती. एकेक जण गेला, नमस्कार केला, माळ घातली. झाडाच्या दुप्पट उंचीएवढ्या अंतरावर, नियमाप्रमाणे, ऑडिटर उभी राहिली ती हनुवटीपर्यंत झेंडूत बुडालेली, नुकत्याच निवडून आलेल्या आमदारासारखी, आणि टॅब मात्र हातात घट्ट.

झाड पाडायच्या आधी अण्णानं एक खुंटी रोवली आणि जाहीर केलं की झाडाचा मधला भाग बरोब्बर तिच्यावर पडेल. मागे पळायची वाट बघितली, आजूबाजूला बघितलं, ओरडून इशारा दिला. समोरून पाचर कापली, मागून करवत लावली. झाड जरासं कुरकुरलं, वर चांदी चमकली, आणि मग ते हळूहळू, पाहुणे गेल्यावर आजोबा आडवे होतात तसं, खाली आलं. खुंटीपासून हातभर लांब.

“खुंटी सरकली,” अण्णा म्हणाला.

ऑडिटरनं पुढे होऊन बुंधा बघितला, पाचर बघितली, त्याच्या डोक्यावरचं हेल्मेट हातात घेऊन आतबाहेर बोट फिरवलं, कानाजवळ नेऊन ठोकलं. एकदा बाजूला, एकदा वर, एकदा समोर. मग टॅबवर टिचकी मारली.

“क्लोज्ड. दाखला मिळेल, काकू.”

“बरं झालं,” काकू म्हणाल्या. “जेवून जा.”

“फ्लाइट आहे.”

“मग डबा ने.”

तिला विमानतळावर मी सोडलं. माळांसकट. तिथे आत सोडताना तिला काय काय विचारलं असेल ते मला माहीत नाही, नाहीतर नक्की सांगितलं असतं. माझं प्रशिक्षण मात्र खरंच झालं. पहिल्या बाकावर बसवलं मला, शेजारी अण्णा. तो सारखा कोपरानं ढोसत होता: “सावकार, लक्ष द्या, हळदीचं सांगतायत.”

दाखला आला, झाडं पडली, आणि कारखान्याचा माणूस मोजायला आला. मोजायची रीत जुनी आहे: ओंडक्याच्या मध्यावर दोरी गुंडाळायची, घेर आला की दोरी चौपदरी दुमडायची, त्या चौथाईवरून घनफूट काढायचे. सगळी करामत दोरी किती आवळता यात असते. तो माणूस दोरी अशी आवळायचा की झाडाचा श्वास कोंडावा. काकूंनी तीन ओंडके चालवून घेतले. चौथ्याला म्हणाल्या, “बाळ, मोजतोयस की गळा दाबतोयस?” आणि दोरी स्वतःच्या हातात घेतली. सालीवरून थोडी घासाघीस झाली, काकूंनी निम्मी साल सोडली, त्यानं निम्मी धरली. मी एवढं सभ्य भांडण आयुष्यात पाहिलं नाही. बाजारात असतं तर मी तिकीट लावलं असतं.

राहिले शेंडे. वरचा बारीक भाग घेरात बसत नाही, टेबलाला चालत नाही. खोकीवाल्याची लॉरी सकाळपासून कोपऱ्यात उभी होती. त्याला ठाऊक होतं की शेंडे शेवटी त्याच्याकडेच येतात, सगळ्यांचेच येतात. तो टनाचा भाव सांगत जवळ आला.

काकूंनी एक शेंडा उचलून बघितला, पारखला, सरळ आहे का बघायला डोळ्यापाशी धरला.

“हे नाही द्यायचे,” म्हणाल्या. “दोडक्याच्या मांडवाला लागतील. उरतील ते काकडीला.”

“अम्मा, एवढे?”

“मोठा मांडव घालीन.”

खोकीवाल्यानं माझ्याकडे बघितलं. मी झाडांकडे बघायला गेलो, पण आता झाडं आडवी होती, मग ढगांकडे बघितलं. त्याची लॉरी रिकामीच गेली.

कारखान्याची लॉरी भरली. दोर आवळले गेले, प्रत्येक ओंडक्यावर दाखल्याची खूण बसली. काकूंनी लॉरीभोवती एक चक्कर मारली, एका ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर तळवा ठेवून बघितला, आणि मग ड्रायव्हरच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

“टेबलं कुठं ठेवणार रे ही?”

ड्रायव्हरनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “ऑफिसात, काकू. व्हाइटफील्डच्या मोठ्या काचेच्या इमारतीत. वरच्या मजल्यावर.”

“खिडक्या असतात ना तिथं?”

“भिंतीच नाहीत, नुसत्या खिडक्या. पण उघडत नाहीत.”

काकूंनी थोडा विचार केला. मग ड्रायव्हरला म्हणाल्या, “तरी खिडकीपाशीच ठेवायला सांग.”

ड्रायव्हरनं मान डोलावली, अगदी गंभीरपणे, जणू पत्त्यावर तसं लिहिलेलंच आहे. “सरी, अम्मा,” म्हणाला, आणि लॉरी सुरू केली.